वाड्याच्या दुरुस्तीचा मक्ता

वाई येथील आमचा वडिलोपार्जित वाडा घडीव दगडांच्या जोत्यावर उभा आहे. जोत्यावर सागवानी खांब व तुळया यांचा सांगाडा आणि त्याला बिलगून मातीत रचलेल्या, हातभर जाडीच्या विटांच्या भिंती, अशी त्याची रचना. माजघराच्या भिंतीला ओल चढू लागली, माडीचा कडीपाट एका बाजूस खचला आणि मंगलोरी कौलांखालच्या रिपा वाळवीने पोखरल्या, तेव्हा वाडा पाडून इमारत उभारावी की आहे तो दुरुस्त करावा याविषयी भावंडांत पुष्कळ विचारविनिमय झाला; आणि अखेर दुरुस्तीच करावयाचे ठरून तिची सर्व व्यवस्था, महसूल खात्यात हिशेब तपासण्यातच ज्याची नोकरी सरली अशा माझ्याकडे आली.

एका मक्तेदाराने वाड्यातून एक फेरी मारून बसल्या जागी ठोक रक्कम सांगितली, आणि दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींनी पुढे जो अंदाज दिला त्याहून ती जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होती. आप्तांचा कल साहजिकच कमी रकमेकडे होता. परंतु ज्या अंदाजपत्रकाला तपशील नाही त्याची रक्कम कमी आहे की अधिक हे ठरविण्याचे साधनच आपल्या हाती नसते, ही माझी धारणा नोकरीतच पक्की झाली होती. म्हणून मी त्या मक्तेदाराकडून कलमवार यादी मागून घेतली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. जुना गिलावा काढणे, राडारोडा गावाबाहेर वाहून नेणे, काम चालू असता तुळयांना टेकू देणे आणि पहाड बांधणे, ही चारही कलमे कमी रकमेच्या यादीत नव्हती. ती ‘जादा काम’ म्हणून पुढे आकारली जाणार होती. लाकडाची जात लिहिलेली नव्हती. गिलाव्याचा दर 100 चौरस फुटांस लावलेला होता खरा, पण दारे-खिडक्यांची पोकळी मापातून वजा करावयाची की नाही याचा उल्लेख नव्हता, आणि ज्या घराला दर खणात खिडकी आहे तेथे एवढ्या एका मौनाने रक्कम किती फुगते हे मोजमापाची वही हाताळलेल्या माणसास सांगावे लागत नाही.

मिस्त्रींची रीत निराळी होती. “अण्णा, भिंतीचा पाय उघडून पाहिल्याशिवाय मी आकडा बोलणार नाही,” असे त्यांनी प्रथमच सांगितले, आणि त्या उघडण्याची मजुरी मी द्यावी, मक्ता कोणासही मिळो, अशी अट घातली. ती मला सर्वथा न्याय्य वाटली. माजघराच्या बाहेरील अंगाचा गिलावा जोत्यापासून वर खरवडल्यावर ओलीचे कारण दिसले. पूर्वीच्या एका डागडुजीत तेथे सिमेंटचा गिलावा चढविण्यात आला होता. मातीत बांधलेली भिंत जमिनीतून व पावसातून थोडे पाणी घेते आणि उन्हाळ्यात ते वाफेच्या रूपाने परत सोडते. चुन्याचा गिलावा त्या जाण्यायेण्यास वाट देतो, सिमेंट ती वाट बंद करते, आणि कोंडलेली ओल वर चढत चढत भिंतीत शिरलेल्या लाकडाच्या टोकांपर्यंत पोहोचते. कमी रकमेच्या यादीत याच भिंतीस पुन्हा सिमेंटचा गिलावा धरलेला होता. चुन्याचे काम मंद असते. कळीचा चुना विझवून भिजत ठेवावा लागतो, थर पातळ द्यावे लागतात, आणि ते जाणणारा गवंडी आता सहज मिळत नाही. दोन रकमांतील अंतराचा मोठा भाग येथेच होता.

मक्ता मिस्त्रींना दिला आणि करारनामा कागदावर केला. तोंडी करारही कायद्याने करारच असतो. परंतु त्यातील शर्ती सिद्ध करण्याची वेळ आली म्हणजे स्नेह आणि पैसा दोन्ही खर्ची पडतात. प्रारंभीची उचल शेकडा 10. पुढील हप्ते तारखेवर नव्हे तर प्रत्यक्ष मापात आलेल्या कामावर. छप्पर मृग लागण्यापूर्वी, म्हणजे 7 जूनच्या आत, झाकून पुरे करावयाचे. आणि अखेरचे शेकडा 5 एक पावसाळा उलटेपर्यंत अनामत, अशा मुख्य शर्ती होत्या. याखेरीज अंदाजाच्या शेकडा 15 इतकी रक्कम मी बँकेत निराळ्या खात्यात ठेवली. जुन्या घराच्या पोटात काय आहे हे कोणताही मिस्त्री पूर्णपणे सांगू शकत नाही, आणि ज्याच्या अंदाजपत्रकात अशा अज्ञाताला जागा नाही त्याचे काम अर्ध्यावर थांबते.

त्या तरतुदीची गरज लवकरच लागली. कडीपाट उतरविल्यावर एका तुळईचे भिंतीतील टोक कुजून भुसा झालेले आढळले. ते टोक छाटून, पाडलेल्या वाड्यांतील जुन्या सागवानाचा तुकडा सांध्याने व लोखंडी पट्ट्यांनी जोडावा असे ठरले. सागवानाचा घनफुटाचा दर आणि सुताराची मजुरी करारनाम्यात आधीच लिहिलेली असल्यामुळे वादाला अवसर उरला नाही. माप घेतले, वहीत दोघांनी सह्या केल्या आणि काम पुढे चालू झाले.

एकंदर खर्च मूळ अंदाजाहून वाढला, तथापि राखीव रकमेच्या आतच राहिला. पावसाळ्यानंतर माजघराची भिंत कोरडी होती, आणि मिस्त्रींची अनामत मी त्यांच्या घरी जाऊन सुपूर्त केली. ज्यांचे वाडे अजून उभे आहेत अशा वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे, की रकमेची घासाघीस करण्यापूर्वी त्यांनी भिंतीचा पाय एकदा उघडून पाहावा, त्या दिवसाची मजुरी आनंदाने द्यावी, आणि कलमवार तपशील हाती येईपर्यंत कोणासही उचल देऊ नये.