क्रॉसिंग

कोकण रेल्वेच्या पॅसेंजरने एकदा जरी गेला असाल, तरी ‘क्रॉसिंग’ म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही. मार्ग बहुतेक ठिकाणी एकेरी आहे. समोरून गाडी येत असेल तर दोघींपैकी एकीने स्टेशनात बाजूच्या रुळावर जाऊन थांबायचं. कोणी थांबायचं हे आधीच ठरलेलं असतं. समोरून राजधानी येवो, मांडवी येवो, पॅसेंजर बाजूला. मागून एखादी एक्सप्रेस येत असेल तरी पॅसेंजरच बाजूला. आणि एकदा उशीर झाला की आणखी उशीर, कारण आता हिची वेळच गेली, मग जरा अजून थांबली म्हणून काय बिघडलं?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘स्टार्व्हेशन’ शिकवलं होतं. कमी प्रायॉरिटीची प्रोसेस रांगेत उभी राहते आणि पुढे पुढे दुसऱ्याच घुसत राहतात. त्यावर उपाय ‘एजिंग’, म्हणजे जितकं थांबवलं तितकी तिची प्रायॉरिटी वाढवत न्यायची. सरांनी कुठलंसं पुस्तकी उदाहरण दिलं. मला मात्र संगमेश्वर रोडला तापलेल्या डब्यात बसलेले आम्ही चौघं आठवलो. पॅसेंजरला एजिंग नाही.

आम्ही डोंबिवलीचे, गाव निवसरच्या बाजूला. निवसर हे रत्नागिरीच्या पुढचं पहिलंच छोटं स्टेशन. आमच्या उपयोगाची गाडी म्हणजे दिवा-सावंतवाडी पॅसेंजर. अंधारात उठून लोकलने दिव्याला यायचं, गाडी लागली की बाबा खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरायचे, आणि मग बॅगा, पाण्याचा कॅन, आई, ताई आणि शेवटी मी, असे आम्ही दारातून आत रेटले जायचो. पेणपर्यंत कुणी कुणाशी धड बोलायचं नाही. रोह्यानंतर डब्याला जरा माणसं ओळखू यायची. चपात्या निघायच्या. मे महिन्यात मधल्या स्टेशनांवर पानाच्या द्रोणातून करवंदं यायची. एक्सप्रेसने जाणाऱ्या माझ्या मित्रांनी ही अर्धी स्टेशनं नावानेसुद्धा ऐकलेली नाहीत. सापे-वामने, करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी. मला ती अजून ओळीने पाठ आहेत.

बाबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तिन्ही पाळ्या करायचे. त्यामुळे घरात बाबा म्हणजे बहुतेक वेळा चादर डोक्यावर घेऊन झोपलेला एक माणूस, ज्याच्यासाठी आम्ही टीव्हीचा आवाज बंद ठेवायचो. सलग आठ-नऊ तास जागे आणि आमच्यासमोर बसलेले बाबा फक्त पॅसेंजरमध्ये मिळायचे. त्यातही गाडी चालू असताना ते बाहेर बघत असायचे. क्रॉसिंगला गाडी थांबली, पंखे बंद पडले, लोक खाली उतरून बिड्या ओढायला लागले, की बाबा बोलायचे. उन्हात, घामात, तासाला दोन-चार वाक्यं.

त्यांच्या आयुष्याची गोष्ट मला अशी तुकड्यातुकड्याने कळली. एका मे महिन्यात वीरला एवढंच कळलं, की ही लाइन बांधत होते तेव्हा बाबा तिथे मजुरीला होते. पुढच्या गणपतीत चिपळूणच्या अलीकडे कळलं, की ते काम पानवलच्या पुलावर होतं. रत्नागिरी आणि निवसरच्या मधला हा पूल दरीतून 64 मीटर उंच जातो. त्याचा वरचा भाग दरीत खालून टेकू देऊन बांधलेलाच नाही. एका काठावर तुकडा ओतायचा, तो पक्का झाला की जॅक लावून पुढे ढकलायचा, मागे पुढचा तुकडा ओतायचा. “इंच इंच सरकायचा,” बाबा म्हणायचे आणि दोन्ही तळवे एकामागे एक ठेवून ढकलून दाखवायचे. आईसुद्धा ऐकत असायची. तिलाही यातलं बरंच नवीन होतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

झाडांचं कळायला आणखी दोन वर्षं गेली. लाइनमध्ये आमचे दोन रायवळ आंबे आणि एक फणस गेला. मोबदला मिळाला, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण ज्यांनी झाडं तोडली त्यांच्याकडेच मुलगा रोजावर जातो, हे आजोबांना सोसलं नाही. ते बाबांच्या पंगतीला बसेनात. पूल झाला, काम संपलं आणि बाबा डोंबिवलीला आले. 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग सुरू झाला, तेव्हा ते इकडे रात्रपाळीत होते. आजोबा आम्हाला घ्यायला निवसरला यायचे, नातवंडांच्या बॅगा डोक्यावर घ्यायचे, पण शेवटपर्यंत गाडीत बसले नाहीत. रत्नागिरीला जायचं तर एसटी.

त्यामुळे रत्नागिरी सुटलं की आमच्या सीटवर एक वेगळीच शांतता यायची. त्याआधी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागायचा. तेव्हा डिझेल इंजिन होतं, धुरामुळे भराभर खिडक्या खाली यायच्या आणि सगळी पोरं ओरडायची, मीही. पण पुलावर बाबा उठून दारात जायचे. मला पुढे उभं करून शर्ट मागून घट्ट धरायचे. खाली झाडांचे शेंडे. अर्ध्या मिनिटात पूल संपायचा आणि ते परत जागेवर यायचे.

2023 मध्ये वंदे भारत सुरू झाली. बाबा तोवर रिटायर झालेले. मी हौसेने ठाण्याहून तिकिटं काढली. थंड डबा, वेळेवर चहा, दुपारच्या आधी-नंतर रत्नागिरी, तिथून रिक्षा. बाबांनी सीट मागे-पुढे करून बघितली, खूश झाले. मग विचारलं, “ही निवसरला थांबणार नाय ना? म्हणजे रत्नागिरीला उतरायचं. मग पूल?”

पूल रत्नागिरीच्या पुढे आहे. आम्ही तो न ओलांडताच घरी पोचलो.

त्यानंतर बाबा-आई पुन्हा पॅसेंजरने जायला लागले. त्यांच्या गुडघ्यांकडे बघता मला ते पटत नाही, आणि त्या गर्दीत काही रम्य आहे असंही माझं म्हणणं नाही. उभ्याने दिवस काढणाऱ्या बाईला जाऊन पॅसेंजरची मजा सांगावी! पण या मे महिन्यात मी ऑफिसात असताना बाबांचा फोन आला. एरवी आमचं बोलणं दीड मिनिटाचं. “संगमेश्वरला क्रॉसिंगला टाकलीय, बोल,” म्हणाले. बोलले मात्र तेच.

पुलाचा शेवटचा तुकडा पलीकडे टेकला, त्यानंतर एका संध्याकाळी आजोबा कामावर आले होते. न बोलावता. रूळ अजून पडले नव्हते, नुसता सपाट स्लॅब. दोघं मधोमध चालत गेले. आजोबांनी खाली बघितलं, मग त्या पार टोकाकडे बघितलं.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, वारा हाय हितं. आनी माझा हात धरून परत आले.”

“हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही.”

“सिग्नल झाला बघ,” बाबा म्हणाले. “पुढं बोगदा हाय. ठेवतो.”