सीटी स्कॅन निर्दोष, रजा नामंजूर

डोक्याला मुका मार लागल्यानंतर काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये काही आढळले नाही, म्हणजे मेंदूला काही झालेच नाही, असा निष्कर्ष कार्यालयांत, घरांत आणि कधीकधी बाह्यरुग्ण विभागांतही इतक्या सहजपणे काढला जातो की, तो खोडून काढण्याचे ओझे अखेर आजारी माणसावरच येऊन पडते. सीटी स्कॅन ही क्ष-किरणांवर आधारलेली तपासणी असून कवटीचा अस्थिभंग, रक्तस्राव किंवा मोठी सूज आहे का, म्हणजेच तातडीने शस्त्रक्रिया करावी लागेल का, हे ठरवण्यासाठी ती केली जाते आणि त्या कामी ती भरवशाची आहे. कन्कशन, म्हणजे आघातामुळे मेंदूच्या कार्यात निर्माण होणारा बिघाड, हे मात्र पेशींच्या पातळीवरचे प्रकरण आहे: मेंदू कवटीत हिंदकळल्याने चेतातंतू ताणले जातात, पेशींतील पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते आणि हा तोल सावरण्यासाठी पेशींना एरवीपेक्षा जास्त ऊर्जा लागत असताना नेमका रक्तपुरवठा कमी पडतो. यातले काहीही नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये उमटत नाही.

प्रस्तुत लेखिकेचा अपघात पुण्यातील पावसाळ्यात नित्य घडणारा होता: ओल्या रस्त्यावर दुचाकी घसरली, हेल्मेट असल्याने कवटी वाचली आणि शुद्धही हरपली नाही. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन प्रतिसादांवरून शुद्धीची पातळी 3 ते 15 गुणांत मोजणाऱ्या, टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 मध्ये मांडलेल्या ग्लासगो कोमा श्रेणीनुसार तिला पूर्ण 15 गुण मिळाले आणि त्याच संध्याकाळी घरी सोडण्यात आले.

बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत ओसरतात. काहींची मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतात आणि लेखिका या दुसऱ्या गटातली निघाली. तिचे काम आकड्यांचे तक्ते ताडून पाहण्याचे होते, आणि नेमक्या याच कामात बिघाड उघडा पडला. एका रकान्यातून दुसऱ्या रकान्याकडे नजर नेताना ओळ निसटत असे, म्हणून छापील तक्त्यावर पट्टी ठेवून वाचावे लागे. संगणकाच्या पडद्यावर तोच तक्ता वरखाली सरकू लागला की, घाटातल्या एसटीत बसल्यासारखे मळमळू लागे. कुकरची शिट्टी डोक्यात घुसे, दुपारपर्यंत डोके जड होई आणि सहकारी बोलत असताना वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात विसरली जाई. बाहेरून माणूस धडधाकट दिसत असल्याने हे सारे सांगताना, प्रत्येक वेळी आपण कांगावा करत आहोत की काय, अशी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची शंका वाचावी लागे.

रजेच्या अर्जाचे जे झाले, ते आजही लेखिकेला सलते. अर्जाला डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले होते आणि त्यात विश्रांतीची व टप्प्याटप्प्याने कामावर रुजू होण्याची शिफारस स्पष्ट होती. आस्थापना शाखेने स्कॅनचा अहवालही मागवला, त्यात रक्तस्राव नसल्याची नोंद पाहिली आणि अहवालात दोष नसल्याने वाढीव रजा अनुज्ञेय नाही, असा शेरा मारून अर्ज परत पाठवला. ज्या तपासणीने जीव धोक्यात नसल्याचा दिलासा दिला होता, तीच आता रुग्णाविरुद्ध पुरावा म्हणून उभी करण्यात आली. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने रुग्णाला तपासून लिहिलेल्या मजकुरापेक्षा, वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या माणसाने लावलेला अहवालाचा अर्थ वरचढ ठरला. दुसऱ्या अर्जाला उत्तरच आले नाही. पायाला प्लास्टर असते तर हाच अर्ज त्याच टेबलावरून कोणताही प्रश्न न विचारता मंजूर झाला असता, यात शंका नाही.

याउलट क्रिकेटमध्ये ही समज केव्हाच आली आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने 2019 मध्ये कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्याची मुभा दिली आणि त्याच वर्षी लॉर्ड्सवरील कसोटीत जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागलेला स्टीव्ह स्मिथ, प्राथमिक तपासण्यांत उत्तीर्ण होऊन पुन्हा फलंदाजीला उतरूनही, दुसऱ्या दिवशी लक्षणे जाणवू लागल्याने बाहेर बसला व त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. लक्षणे उशिराही उमटू शकतात आणि ती दुखापतीचा पुरावा असतात, हे तेथे मान्य झाले.

तरीही एक गोष्ट नोंदवणे भाग आहे, जरी ती वरच्या तक्रारीला छेद देणारी असली. कन्कशननंतर अंधाऱ्या खोलीत पडून राहावे, हा जुना सल्ला आता मागे पडला असून, 2022 मध्ये ॲमस्टरडॅम येथे झालेल्या क्रीडा-कन्कशनविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेच्या निवेदनात सुरुवातीचे 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती आणि त्यानंतर लक्षणे फारशी वाढणार नाहीत इतपत हळूहळू वाढवत नेलेली हालचाल, असे सुचवले आहे. रजा मंजूर झाली असती, तर लेखिका पडदे ओढून आणखी बराच काळ पडून राहिली असती आणि त्याने तिचे नुकसानच झाले असते, हे कबूल करावेसे वाटत नाही, पण नाकारताही येत नाही. अर्थात, पहिल्याच दिवसापासून लादलेले पूर्ण वेळेचे काम म्हणजे हळूहळू वाढवलेली हालचाल नव्हे.

गुण आला तो व्यायामांनी. भिंतीवर चिकटवलेल्या एका अक्षरावर नजर खिळवून मान डावी-उजवीकडे फिरवणे, हा अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा आणि डोळे यांचा मेळ पुन्हा बसवणारा व्यायाम आहे. पेन हळूहळू नाकाकडे आणत ते एकच दिसत राहील असे पाहणे, हा दोन्ही डोळे एका बिंदूवर आणण्याचा सराव आहे. दोन्ही व्यायामांनी आरंभी चक्कर येते, म्हणून ते जाणकार भौतिकोपचारतज्ज्ञाकडून शिकून थोडेथोडेच करावेत. शिवाय मानेची तपासणीही करून घ्यावी, कारण अशा डोकेदुखीचे मूळ पुष्कळदा मानेत असते.

रुग्णालयांनी घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर रेंगाळू शकणाऱ्या लक्षणांची माहिती आणि कामावर परतण्याचे टप्पे लिहून द्यावेत, आणि रजा मंजूर करणाऱ्यांनी स्कॅनचा अहवाल बाजूला ठेवून उपचार करणाऱ्या डॉक्टरचे प्रमाणपत्र वाचावे.