बिनटाक्याचा डोळा

आमच्या नेत्रवॉर्डात युव्हियायटिसचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेचा, पेशंट दारातूनच ओळखू यायचा. मोतीबिंदूची म्हातारी माणसं खिडकीशी उजेडाला बसलेली असायची. हा मात्र भिंतीकडे तोंड करून, टॉवेल नाहीतर पदर डोळ्यांवर ओढून पडलेला. वय तिशी-चाळिशीचं, डोळा लाल, आत ठणका आणि उजेड बिलकूल सोसायचा नाही. सोबतचे नातेवाईक ठामपणे सांगायचे, "डोळे आलेत सिस्टर, दुसरं काही नाही." कुणी मध घातलेला, कुणी गुलाबपाणी. त्यात महिनाभर गेलेला असायचा आणि तोवर बाहुली मागच्या भिंगाला चिकटून बसलेली असायची.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात, डोळ्यांच्या थिएटरमध्ये लागले. तेव्हा या पेशंटांसाठी आमच्याकडे तीन गोष्टी होत्या: अ‍ॅट्रोपिनचं मलम, गरम शेक आणि स्टेरॉइड. स्टेरॉइड आहे हेच मोठं नशीब, असं आमच्या मेट्रनबाई म्हणायच्या. त्यांच्या उमेदवारीच्या काळात उकळलेल्या दुधाचं इंजेक्शन कमरेत देत. त्यानं सणसणून ताप चढायचा आणि त्या तापात डोळ्याची सूज ओसरेल अशी आशा असायची. टायफॉइडची लसही याच कामाला वापरत. ज्या कॉर्टिसोनसाठी १९५० साली केंडल, राइकश्टाइन आणि हेंच या तिघांना नोबेल मिळालं, त्यानं हा प्रकार हळूहळू बंद पाडला. दुधाची गोष्ट मेट्रनबाई इतकी रंगवून सांगायच्या की नव्या मुली जेवणाच्या सुट्टीत दूध प्यायला कचरायच्या.

ऑपरेशनचं नाव मात्र कुणी काढायचं नाही. सुजलेल्या डोळ्याला सुरी लावायची नाही, हा आमच्या थोरल्या सरांचा शिरस्ता होता, आणि त्याला कारण होतं. तेव्हाचं साधं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे काळ्या बुबुळाच्या कडेनं जवळजवळ अर्धं वर्तुळ कापायचं, भिंग क्रायोच्या टोकाला गोठवून अख्खंच्या अख्खं ओढून काढायचं आणि रेशमाचे टाके घालायचे. धडधाकट डोळा ते सोसायचा. युव्हियायटिसचा डोळा त्यावर भडकून उठायचा. आत जाळी धरायची, बाहुली बंद व्हायची, दाब पडायचा आणि वर्षभरात डोळा आक्रसून जायचा. एकदा असं पाहिलं की सर्जनचा हात पुढच्या वेळी आपोआप थांबतो.

डोळ्यातल्या, भिंगामागच्या जेलला हात लावणं तर पापच समजलं जायचं. ते पाप १९७० साली मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी केलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून यंत्र आत घालून, गढूळलेलं जेल कापत आणि ओढत त्यांनी बाहेर काढलं. त्या पहिल्या यंत्राला २.३ मिलिमीटरचं भोक लागे. १९७४ मध्ये ओमॅली आणि हाइन्ट्झ यांनी काम तीन भोकांत वाटलं: एकातून पाणी, एकातून दिवा, एकातून कटर. प्रत्येक भोक ०.९ मिलिमीटरचं. हेच ते '२० गेज', ज्याची ट्रॉली मी पुढे वर्षानुवर्षं लावली. गेजचा आकडा वाढतो तसं भोक बारीक होतं, हे नव्या सिस्टरच्या डोक्यात शिरायला नेहमी दोन दिवस लागायचे.

जेल काढायचं हे ऑपरेशन म्हणजे व्हिट्रेक्टॉमी. तेव्हा त्यात अर्धा दिवस जायचा. आधी वरची पातळ त्वचा कापून बाजूला करायची, मग पांढऱ्या भागाला छेद, शेवटी सगळं शिवायचं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली की डोळा पिकलेल्या टोमॅटोसारखा. टाके आठवडे-आठवडे खुपायचे. ज्याचा आजारच सूज, त्याला आम्ही वरून आणखी सूज देत होतो.

पण ऑपरेशननंतरचा तो वॉर्ड! डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, तपकीर जप्त. अशी दहा-बारा माणसं ओळीनं उताणी झोपलेली. कुणाची सून भाकरी कुस्करून भरवतेय, कुणाचा नातू पेपर मोठ्यानं वाचतोय आणि निम्मा वॉर्ड ऐकतोय. सिस्टर कोण आली हे चपलेच्या आवाजावरून सांगायचे. आठ-दहा दिवसांत साताऱ्याची आजी आणि परळचा गिरणी कामगार यांची सोयरीक जुळवण्यापर्यंत बोलणी जायची. याची हुरहुर मला आजही वाटते. मात्र स्वतःचा डोळा त्या दिवसांच्या हवाली करायला सांगाल तर मी नाही म्हणेन.

२००२ मध्ये २५ गेज आलं, अर्ध्या मिलिमीटरचं. त्वचा कापायची नाही, टोकदार नळी थेट खुपसायची, काम झालं की काढायची, भोक आपलं आपण मिटतं. सुरुवातीला सर्जन कुरकुरले, कारण उपकरणांच्या काड्या वाकायच्या. कधी भोकं गळायची, डोळा मऊ पडायचा. मग नळी तिरकी घालण्याची युक्ती रुळली. २००५ मध्ये जर्मनीच्या एकार्ट यांनी २३ गेज आणून मधला रस्ता काढला. २०१० मध्ये जपानच्या ओशिमांनी २७ गेजपर्यंत, म्हणजे ०.४ मिलिमीटरपर्यंत, मजल मारली. जुना कटर मिनिटाला काही शे वेळा कापायचा, आजचे दहा हजारांच्या घरात आहेत. जितकं जलद कापतं तितकं पडद्याला ओढणं कमी.

याचा खरा फायदा साध्या डोळ्यापेक्षा सुजऱ्या डोळ्याला झाला, असं माझं मत. हात कमी लागला की डोळा कमी चिडतो. आणि दुसरं म्हणजे निदान. पूर्वी एक्स-रे आणि मांटूची त्वचाचाचणी बघून "टीबीचंच असावं" म्हणत औषधं सुरू व्हायची. आता त्याच बारीक भोकातून जेलचा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतात. जंतू आहे, विषाणू आहे की सुजेचा बुरखा घेतलेला कॅन्सर, याचा माग तिथे लागू शकतो. मोतीबिंदू आता अडीचेक मिलिमीटरच्या छेदातून निघतो, चिकटलेली बाहुली बारीक हुकांनी मोकळी करतात आणि ज्या डोळ्यात आम्ही भिंग बसवायचा विचारही केला नसता, त्यात निवडून, जपून बसवतात. काहींना तर स्टेरॉइडची सूक्ष्म कांडी सुईनं डोळ्यातच सोडतात. ती काही महिने हळूहळू विरघळते. गोळ्यांनी सुजून गोल झालेले ते जुने चेहरे, वाढलेली साखर, हे सगळं त्यामुळे पुष्कळ टळतं.

परवा आमच्या सोसायटीतला एक तरुण आला. सकाळी कंबर आखडणाऱ्या सांधेदुखीतला, त्या आजारात डोळाही सुजतो. आता मोतीबिंदू झालाय आणि डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय म्हणून वैतागलेला. "काकू, पंधरा-वीस मिनिटांचं ऑपरेशन, टाका नाही, संध्याकाळी घरी. मग तीन महिने वाट कशाची बघायची?"

मी त्याला सांगितलं, छेद लहान झालाय, तुझा आजार नाही. डोळा निदान तीन महिने शांत राहिला तरच हात लावायचा, हा नियम इतक्या गेजांत बदललेला नाही. ऑपरेशनच्या आधीपासून स्टेरॉइडचं कवच द्यायचं आणि नंतर ते एकदम तोडायचं नाही, उतरत्या पायरीनं कमी करायचं, हेही तसंच. थोरले सर भीतीपोटी थांबायचे, आताचे हिशेबानं थांबतात, एवढाच फरक.

त्यानं खिशातून थेंबांची बाटली काढून दाखवली. तळाशी पांढरा साका बसला होता. औषध न हलवता घालत होता, म्हणजे इतके दिवस डोळ्यात बहुतेक नुसतं पाणीच जात होतं. बाटली कशी हलवायची, दोन औषधांमध्ये पाच मिनिटं कशी सोडायची आणि थेंब पडल्यावर नाकाजवळचा कोपरा बोटानं कसा दाबून धरायचा, हे मी त्याच्याकडून दोनदा करून घेतलं. मग त्याच्या आईला बोलावून तिच्याकडूनही.