पवनी : वाघ, घाट आणि आपलं पाणी

मॉल, मल्टिप्लेक्स, कॉफी... नागपूरकरांनो, वीकेण्ड यापलीकडे जातच नाही? मग या शनिवारी गाडी उमरेड रोडला घाला. भंडारा जिल्ह्यातलं पवनी जेमतेम ८० किलोमीटरवर आहे.

वैनगंगेकाठच्या या गावाला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. नदीत उतरणारे दगडी घाट, वैजेश्वराचं देऊळ आणि गल्लोगल्ली मंदिरं. गंमत म्हणजे इथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात सापडला तो चक्क दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप!

गावाजवळच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. नागझिऱ्याहून चालत आलेला ‘जय’ हा वाघ इथला सुपरस्टार. एप्रिल २०१६ नंतर तो कुणालाच दिसला नाही. तरी सकाळच्या सफारीला गेटवर जिप्सी उभ्या असतातच. जंगल अजूनही वाघांचंच आहे!

पण घाटावर उभं राहिलं की एक गोष्ट टोचते. नाग नदी नागपूरचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं पवनीच्या वर गोसीखुर्द धरणात साठतं. म्हणजे आपण पोहोचायच्या आधीच आपलं फ्लश केलेलं पाणी इथे पोहोचलेलं असतं. त्याच नदीत भाविक डुबकी मारतात, ढिवर जाळी टाकतात. घाटावर चिप्सचं पाकीट न टाकणं ठीकच, पण खरा हिशेब आपल्या शहरातच चुकता करायचाय.

कसं जाल? : नागपूर-उमरेड-भिवापूर-पवनी.
केव्हा? : हिवाळ्यात. पावसाळ्यात सफारी बंद असते. बुकिंग आधीच करा.