चोवीस अंगुळं

दादरच्या फुलबाजारात गजरा अजून हातावर मोजतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. बाई बोलता बोलता दोरा ताणते, कोपराला टेकवते, बोटापाशी तोडते. कळी कमी पडली तर गिऱ्हाइकाआधी तिच्या हाताला कळतं. तिथून जाताना माझे पाय रेंगाळतात. हे माप मी बाविसाव्या वर्षी एका काळोख्या खोलीत शिकले, आणि तिथे आम्ही त्यानं वेळ मोजायचो.

१९८८ साल होतं. दादर पूर्वेच्या एका जुन्या स्टुडिओच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून वळून जावं लागे अशी ती कटिंग रूम. आत ॲसिटोनचा उग्र, थोडासा गोड वास. ज्यांच्या हाताखाली मी लागले त्या संकलकांना सगळे दादा म्हणत. पहिल्या दिवशी दादांनी मला मशीनला हात लावू दिला नाही. कोऱ्या फिल्मचा एक लांब तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "कोपराला लाव. आता बोटापर्यंत आण. हं. हा एक सेकंद."

मला वाटलं, अंदाजानं सांगताहेत. घरी येऊन कागदावर हिशेब केला आणि अंगावर काटा आला. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला १६ फ्रेम बसतात, म्हणजे एक फ्रेम पाऊण इंचाची. पाऊण इंच म्हणजे आपलं जुनं एक अंगुळ. चोवीस अंगुळांचा एक हात, आणि बोलपटात चोवीस फ्रेमचा एक सेकंद. वीतभर फिल्म म्हणजे अर्धा सेकंद. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळाच फ्रेम धावत, तेव्हा सेकंद फुटाचा होता. बोलपट आला, आवाजाला जास्त वेग लागला, आणि सेकंद लांबून बरोबर माणसाच्या हाताएवढा झाला. हे कुणी ठरवून केलेलं नाही. पण त्या रात्री मला वाटलं, हे काम आपल्याच अंगात कुठेतरी आधीपासून होतं.

दादांचे डोळे पुष्कळदा मिटलेले असत. रीळ पुढे जाई, मशीनची खरखर चाले, आणि एका क्षणी त्यांचं बोट टेबलावर पडे: टक. मी मशीन थांबवायची आणि पिवळ्या पेन्सिलीनं त्या फ्रेमवर रेघ मारायची. मग पुन्हा मागून लावायचं. बोट पुन्हा पडे. बहुतेक वेळा त्याच रेघेवर, फार तर एक फ्रेम इकडे-तिकडे. सेकंदाचा चोविसावा भाग त्यांच्या बोटाला कळत होता. खंडेनवमीला कात्री, तुकडे जोडायचा स्प्लायसर आणि मशीन यांना झेंडूचे हार पडत. हार आणायचं काम माझं. बाजारातली बाई हातावर मोजून द्यायची आणि मी मनात सेकंद मोजत परत यायची.

या शहरातल्या या कामाची एक जुनी जागाही दादरलाच. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तो इथल्या घरात खपून. कोरी फिल्म यायची तिला कडेची भोकं नसत. ती पाडायला सरस्वतीबाई फाळके शिकल्या. दिवसा माणसांचा रगाडा, स्वयंपाक, मुलंबाळं. ते आवरलं की अंधारात बसून भोकं पाडायची. फिल्म धुणं, फिल्म जोडणं, यातही त्यांचा हात होता. मी याच कामातली बाई, म्हणून असेल, मला त्यांचं हे अंधारात बसणं फार जवळचं वाटतं. प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं असतात; दाते त्यांत अडकतात आणि चित्र पुढे सरकतं. त्या भोकांशिवाय चित्रं निघाली असती, चाललं काहीच नसतं.

आपण या कामाला संकलन म्हणतो. गोळा करणं, एकत्र आणणं. कटिंग रूममध्ये मात्र कुणी हा शब्द उच्चारत नसे. तिथे सगळं 'कट'. शब्द खोटा आहे असं मी काही वर्षं मानत होते, कारण डोळ्यांसमोर दिवसभर कापाकापीच. माझी आजी तांदूळ निवडायला बसे तेव्हा तिचं लक्ष खड्यांवर असे असं मला लहानपणी वाटायचं. मोठेपणी तिच्या शेजारी बसले तेव्हा दिसलं, तिची नजर तांदळावरून फिरत होती. खडा आपोआप बोटाला लागत होता. दादांचं तसंच होतं. काय टाकायचं याचा विचार करताना मी त्यांना पाहिलं नाही.

'शोले'चं उदाहरण सांगते, कारण त्यामागे आपल्यातलाच एक माणूस आहे. एम. एस. शिंदे. शूटिंग संपलं तेव्हा त्यांच्यापुढे तीन लाख फूट फिल्म होती असं सांगतात. हाताच्या मापानं दोन लाख हात, म्हणजे दोन लाख सेकंद. रात्रंदिवस बघत बसलं तरी दोन दिवसांहून जास्त. त्यातून चित्रपट उरला साधारण अठरा हजार फुटांचा, बारा हजार हात. ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड आठवा. एकेक माणूस गोळी लागून कोसळतो आणि चित्र तिथेच गोठतं. मग ते मूल. गब्बर बंदूक रोखतो. मूल पडताना आपण बघत नाही. गोळीचा आवाज तेवढा येतो, आणि समोर येतो गाडीनं घरी निघालेला ठाकूर, ज्याला अजून काही माहीत नाही. रिकामा झोपाळा करकरत राहतो. त्या प्रसंगाच्या आठवणीनं आजही माणसं 'मुलाला मारताना दाखवलंय' असं शपथेवर सांगतात. दाखवलेलं नाही. ते दोन तुकड्यांच्या सांध्यात आहे, आणि सांध्याला लांबी नसते.

फिल्मफेअरमध्ये 'शोले'ला नऊ नामांकनं होती. पारितोषिक एकच मिळालं, उत्कृष्ट संकलनाचं, शिंद्यांना. संवाद लोकांना पाठ झाले, त्यांच्या तबकड्या निघाल्या. शिंदे २०१२ साली वारले तेव्हा शेवटची वर्षं धारावीतल्या एका लहानशा खोलीत काढत होते. ती बातमी मी उभ्यानं वाचली. मग बसले. या धंद्यात संकलकाला चित्रपटाच्या यशात वाटा नसतो, ठरलेली रक्कम मिळते आणि तीही पुष्कळदा मागून मागून. ज्या माणसानं दोन लाख सेकंदांतून आपल्यासाठी बारा हजार वेचले, त्याला आपण इतकं सहज विसरलो याचं दुःख मला अजून आहे, आणि ते कमी व्हावं असं वाटतही नाही.

या क्षेत्रातून पुढे दिग्दर्शनाकडे गेलेलेही आहेत. प्रभातच्या संकलन विभागात घडलेले अनंत माने, बिमल रॉय यांच्याकडे कात्री चालवणारे हृषीकेश मुखर्जी. माझा जीव मात्र टेबलापाशीच राहिलेल्यांत अडकतो. दुलाल दत्त यांनी 'पथेर पांचाली'पासून 'आगंतुक'पर्यंत सत्यजित राय यांच्या शेजारी बसून आयुष्य काढलं.

आणि रेणू सलुजा. मी कामाला लागले तेव्हा त्यांचं नाव आमच्या खोलीत आदरानं घेतलं जाई. पुण्यात, जुन्या प्रभातच्या आवारात उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्या शिकल्या. मनात दिग्दर्शन होतं, पदरात संकलन आलं. १९८३ साली त्यांनी कापलेले दोन चित्रपट पडद्यावर आले, 'जाने भी दो यारों' आणि 'अर्धसत्य'. एकात हसू थांबत नाही, दुसऱ्यात हसू आठवत नाही. दोन्हींचा ताल एकाच बाईच्या बोटांत होता हे समजल्यावर मी ते दोन्ही लागोपाठ पुन्हा पाहिले. विनोदात त्या ज्या फ्रेमवर कापतात, तिच्यापुढे दोनच फ्रेम थांबल्या असत्या तर नट हास्याची वाट बघत उभा दिसला असता. 'अर्धसत्य'मध्ये त्या उलट थांबतात. ओम पुरीचा चेहरा बोलून झालेला असतो तरी त्या जात नाहीत, आणि त्या जास्तीच्या दोन-तीन हात फिल्ममध्ये तो माणूस आतून कसा मोडत चाललाय ते दिसतं.

मग १९८९चा 'परिंदा'. दादरचा कबुतरखाना आम्ही रोज ओलांडायचो, कबुतरं अंगावरून उडायची, नकोशी व्हायची. पडद्यावर तिथे गोळी सुटली, अनुपम खेर कोसळला, पंखांचा एकच फडफडाट उठला, आणि माझ्या रोजच्या वाटेवरची ती जागा कायमची बदलून गेली. दुसऱ्या दिवशी कबुतरं उडाली तेव्हा मी दचकले. 'परिंदा'साठी रेणू सलुजांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर'साठीही. २००० सालच्या ऑगस्टमध्ये कॅन्सरनं त्या गेल्या. वय अठ्ठेचाळीस. दादांनी त्या दिवशी मशीन लावलं नाही.

तोवर खोलीत मशीन एका कोपऱ्यात गेलंच होतं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कॉम्प्युटर आले. कापलेलं एका बटणानं पुन्हा जोडता येऊ लागलं, सहायकांची बोटं चिरायची थांबली, हे चांगलंच झालं. दादा शिकले, चांगलेच शिकले. पण पडद्यावर कट करताना त्यांचा उजवा हात नकळत कोपरातून उलगडायचा, हवेतच.

त्यांनी मला शूटिंगला कधी जाऊ दिलं नाही. "तिथं गेलीस की तुला कळणार, हा शॉट घ्यायला चार तास लागले, बाई उन्हात चक्कर येऊन पडली. मग तुझ्यानं तो टाकवणार नाही. थिएटरातल्या माणसाला ते ऊन लागत नाही, बाळा. तुलाही लागू नये." संकलकाच्या कामाबद्दल याहून खरं मी काही ऐकलेलं नाही. सगळं युनिट चित्रपटाच्या बाजूचं असतं. तिकीट काढून अंधारात बसलेल्या माणसाच्या बाजूनं बोलणारा एकच जण.

त्या माणसावर विश्वास असला की थांबताही येतं. 'कोर्ट' चित्रपटात दिवसाचं काम संपतं, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, दारं बंद होतात, आणि आपण त्या रिकाम्या अंधाऱ्या न्यायालयाकडे बघत बसतो. चित्रपट संपला असं वाटून लोक उठायला लागतात इतका वेळ. रिखव देसाईंनी तिथे जो धीर धरला, तो बघताना मला दादांची आठवण आली. 'सैराट'च्या शेवटी कुतुब इनामदारांनी ते लहान पाऊल जितका वेळ आपल्यासमोर ठेवलंय, तितका वेळ मी श्वास घेतला नव्हता.

माझ्या हातून एकदा सहा फ्रेम हरवल्या होत्या. एक आई खिडकीशी बसलेली, मुलगा घर सोडून जातोय. ती खाली बघत असते, आणि तो उंबऱ्याबाहेर पडताना पापण्या उचलते. दादांनी पापण्या उचलायच्या आधी कापलं होतं. तीन दिवसांनी सकाळी आल्या आल्या म्हणाले, "त्या सहा दे." टाकलेले तुकडे आम्ही कापडी अस्तराच्या पेटीत, वरच्या दांडीला नंबर लावून लटकवायचो. मी तो तुकडा लहान म्हणून नंबर न लावताच अडकवला होता. तो तिथे नव्हता.

रात्री अडीचपर्यंत शोधलं. पेटी जमिनीवर उपडी केली, गुंतवळ्यातून एकेक तुकडा दिव्यासमोर धरला. इतके लोक त्या गुंतवळ्यात, दार उघडणारे, पाणी पिणारे, क्लॅप मारणारी पोरं, ओठ पुसणारी नटी. कुणालाच कुठे जायचं नव्हतं. दादा रागावले नाहीत. तेही खाली बसून शोधत होते. तुकडा अखेर अस्तराच्या शिवणीत सापडला, साडेचार इंच, अर्धी वीत. दादांनी तो हातमोजा घालून उचलला, जोडला. आम्ही ते दृश्य लावलं. आधी ती आई कठोर वाटायची. आता ती सकाळपासून त्याच्या वळून बघण्याची वाट बघत होती असं दिसलं. पाव सेकंद.

मागच्या वर्षी दादांना भेटायला डोंबिवलीला गेले. अर्धांगानं उजवी बाजू गेलेली, बोलणं अवघड. मला ओळखलं. टीव्हीवर दुपारचा जुना चित्रपट लागला होता, आणि तो नेमका तोच होता. वाहिनीनं वेळेत बसवायला जागोजागी कापलेला. आम्ही दोघं बघत राहिलो. दादांचा डावा हात चादरीवर होता. खिडकीचं दृश्य आलं. मुलानं पिशवी उचलली, उंबऱ्याकडे वळला. आई खाली बघत होती. दादांचं बोट चादरीवरून उठलं.

साबणाची जाहिरात सुरू झाली. बोट तसंच वर राहिलं. मी उठून त्यांच्या जवळ बसले आणि तो हात हातात घेतला.