बेसिनच्या खाली

 

गोष्ट बारावीतली, शाळेच्याच ज्युनिअर कॉलेजातली. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला सॉल्टमध्ये लेड, म्हणजे शिसं निघालं की आम्ही जाम खूष. पोटॅशियम आयोडाइड टाकलं की पिवळाधमक साका येतो. तो गरम पाण्यात विरघळवून थंड केला की सोन्याच्या चमकीसारखे कण खाली उतरतात. 'वॉव' म्हणायचं, जर्नलमध्ये लिहायचं आणि टेस्ट ट्यूब बेसिनमध्ये पालथी करायची. "वरून भरपूर पाणी सोडा," एवढीच काय ती सूचना.

त्याच वर्षी पर्यावरणावरच्या निबंध स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. निबंधात मिनामाटाचा पारा होता, १९८४ चं भोपाळ होतं, शिशाने लहान मुलांच्या मेंदूला होणारी इजाही होती.

एकदा बेसिन तुंबलं. लॅबचे मामा खालचा पाइप उघडत होते. मी सहज विचारलं, "मामा, हे सगळं जातं कुठं?"

"मागच्या नाल्यात. तिथनं आमच्या वस्तीत. पावसाळ्यात पाणी दारापर्यंत येतं की!"

सुरात तक्रार अजिबात नव्हती. माझाच चेहरा उतरला. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम आम्ही घोकून पाठ केलेला. शिसं तर मूलद्रव्य. पाण्याने पातळ होईल, नाहीसं कसं होईल? पण नियम पेपरात आणि निबंध फाइलमध्ये. बेसिनपाशी दोन्ही आठवले नाहीत.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "आधी पोर्शन संपू दे." मामांनी मात्र कोपऱ्यात एक रिकामा कॅन ठेवला. आम्ही पाच-सहा जणी त्यात ओतू लागलो. वर्षअखेर कॅन अर्धा भरला. तो पुढे कुणाला द्यायचा, हे कुणालाच सांगता येईना.

परवा हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये जुनी ट्यूबलाइट फुटली. तिच्यात पारा असतो, हे आमच्या अख्ख्या विंगला माहीत. तरी काचा गेल्या मेसच्या कचऱ्यात. टाकणारी कोण? मीच, मिनामाटावर लिहून बक्षीस मिळवणारी!

रेक्टर मॅडमकडे आता जुन्या ट्यूब आणि सेलसाठी एक वेगळा खोका मागितलाय. तो भरल्यावर कुठे जाणार, हे मात्र या वेळी आधीच विचारणार आहे. येताय का सोबत?