मानाचे पान

भोरहून वरंधा घाटाकडे निघाले की नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने हिर्डोशी लागते. हे हिरडस मावळ. बाजीप्रभू इथले देशपांडे, बांदल इथले देशमुख. कारीचे जेधे शेजारच्या रोहिड खोऱ्यातले. जेधे-बांदलांचे वैर जुने. १६६० च्या जुलैत घोडखिंडीत बांदलांच्या माणसांनी देह ठेवले. पुढे दरबारातला पहिल्या पानाचा मान महाराजांनी कान्होजी जेध्यांकडून मागून घेऊन बांदलांना दिला, आणि कान्होजींनी तो दिला, अशी हकीकत सांगतात.

त्या भागातल्या एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो. ही हकीकत मी दरवर्षी मोठ्या रंगात येऊन सांगत असे. मान सोडण्याच्या वाक्यापाशी आवाज किंचित कापवण्याची कलाही मला साधली होती!

एका जुलैत असाच रंगलो होतो. वर्ग अर्धा रिकामा, बाहेर पावसाची झड, भातलावणीचे दिवस. गैरहजर मुलांच्या घरी मी सकाळीच कडक निरोप धाडले होते. तेवढ्यात दारात इरले पाठीवर घेतलेली एक आजी उभी राहिली. हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले.

“गुर्जी, तुमी भात खाता न्हवं?”

मुले हसली. “आजी, तास चालू आहे,” असे तुटकपणे म्हणून मी दार लोटले, आणि फळ्याकडे वळून कान्होजींचे मोठेपण पुढे सांगू लागलो. त्या क्षणी मला त्यात काहीच विसंगत वाटले नाही. रात्री मात्र ताटात भात आला आणि घास फिरू लागला.

खरे म्हणजे लावणीच्या पंधरवड्यात शाळा सकाळची ठेवा, असे दोन शिक्षकांनी आदल्याच वर्षी सुचवले होते. मी हसून टाळले होते. आता वेळापत्रक बदलले; अवघड काहीच नव्हते. शेवटी बैठक बोलावून मोठ्या मनाने विचारले, “माझे कुठे चुकते, मोकळेपणी सांगा.” सगळे गप्प. “म्हणजे तसे फारसे चुकत नसावे,” मीच म्हणालो.

चहा ठेवता ठेवता शिपाई हळूच बोलला, “सर, तुम्ही विचारता, आणि उत्तरही तुम्हीच देता.”

यावर एक चांगले उत्तर माझ्या जिभेवर आले होते. ते मी चहाबरोबर गिळले. मग कोपऱ्यातल्या एका बाईंनी घसा खाकरला.